मुखवटा आणि व्यक्ती : भस्म बुधवारच्या निमित्ताने



उपवासकाळ सुरू होण्याआधीचे चार दिवस गोव्यात कार्निव्हल असतो. मोमो राजाची मिरवणूक, गाणी, खेळ, रंग आणि मुखवटे. आपल्या बेळगावातूनही चोर्ला घाट उतरून पाहायला जाणारे पुष्कळ असतात. गोव्यातली जुनी माणसे या सणाला ‘इंत्रुज’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘एन्त्रुदु’वरून आला आणि त्याच्या मुळाशी आहे लॅटिन ‘इन्त्रोइतुस’, म्हणजे प्रवेश. प्रवेश कशात? उपवासकाळात. मुखवट्यांच्या सणाचे नावच आपल्याला राखेकडे घेऊन जाते.

बुधवारी कपाळाला राख लागते. त्या दिवशीच्या मिस्सेत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला भाग वाचतात. दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींविषयी प्रभू येशू बोलतो आणि तिन्ही वेळा एकाच प्रकारच्या माणसासारखे वागू नका असे बजावतो. आपण त्या माणसाला ‘ढोंगी’ म्हणतो. शुभवर्तमानाच्या ग्रीक भाषेत शब्द आहे ‘हुपोक्रितेस’. रोजच्या ग्रीक बोलण्यात याचा अर्थ होता नट, नाटकात काम करणारा.

हा नट कसा होता ते समजले तर वचन अधिक लागते. अथेन्सच्या नाटकांत सगळे नट पुरुष असत आणि शोकनाटकात बोलणारे नट बहुधा तीनच. राजा, दासी, दूत, देवता अशा सगळ्या भूमिका या तिघांनी वाटून घ्यायच्या. हे जमायचे मुखवट्यामुळे. कापड ताठ करून, रंगवून केलेला मुखवटा डोके झाकून टाकी. तो बदलला की माणूस बदलला. हजारो प्रेक्षक डोंगरउतारावर बसलेले, त्यामुळे लांबून दिसायचा तो मुखवटाच. आतल्या माणसाचा चेहरा कोणालाच दिसत नसे. त्या काळचे खरे मुखवटे आज उरलेले नाहीत, पण भांड्यांवरची चित्रे आणि मातीच्या प्रतिकृती पाहून ते कसे होते हे कळते.

नट असणे हे काही पाप नव्हते. पण रंगमंच सोडूनही जो नाटक चालू ठेवतो त्याचे काय? प्रभूने बोट ठेवले ते इथे. उपवासाविषयीच्या वचनात ग्रीक भाषेतली एक कोटी आहे, ती भाषांतरात हरवते. हे लोक आपला चेहरा ‘दिसेनासा’ करतात, कशासाठी, तर उपवास करताना ‘दिसावे’ म्हणून. आणि त्यांना त्यांचे प्रतिफळ मिळाले आहे, असे प्रभू म्हणतो. तिथे वापरलेले क्रियापद त्या काळच्या व्यापारी पावत्यांवर लिहिलेले सापडते. पैसे पोचले, हिशेब मिटला. लोकांनी पाहिले, वाहवा केली, आता देवाकडून काही येणे उरले नाही.

या वाक्यात ‘चेहरा’ यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो ‘प्रोसोपोन’. याचा अर्थ चेहरा, आणि नाटकवाल्यांच्या भाषेत मुखवटासुद्धा. लॅटिनमध्ये मुखवट्याला ‘पेर्सोना’ म्हणत. इटलीतल्या तार्क्विनिया गावी इ.स.पूर्व 6व्या शतकातले एक थडगे आहे. त्याच्या भिंतीवर मुखवटा घातलेल्या माणसाचे चित्र आहे आणि शेजारी एत्रुस्कन भाषेत ‘फेर्सू’ असे लिहिले आहे. पेर्सोना हा शब्द यावरूनच आला असावा असे अनेक भाषातज्ज्ञ मानतात. पुढे मुखवट्यावरून अर्थ सरकला भूमिकेकडे, भूमिकेवरून समाजातल्या स्थानाकडे. इंग्रजीतला ‘पर्सन’ त्याच घरचा.

आता या शब्दाचा आपल्या श्रद्धेशी काय संबंध? फार मोठा. आफ्रिकेतल्या कार्थेजचा तेर्तुल्यान याने इ.स. 213च्या सुमारास लिहिताना पवित्र त्रैक्याविषयी ‘पेर्सोना’ हा शब्द वापरला : सत्त्व एक, पेर्सोना तीन. पण शब्दाला मुखवट्याचा वास होताच. त्याच शतकात साबेल्लियस नावाच्या शिक्षकाचे मत पसरले होते. देव एकच आहे आणि तोच कधी पिता, कधी पुत्र, कधी पवित्र आत्मा म्हणून येतो, असे ते मत. म्हणजे नट एक आणि मुखवटे तीन.

ऐकायला हे सोपे वाटते. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना समजवताना आपणही कधी असेच काही बोलून जातो. पण ते खरे मानले तर काय होते पाहा. गेथशेमाने बागेत येशू पित्याला हाक मारतो, ती हाक स्वतःलाच मारलेली ठरते. क्रुसावरचे दुःख ही एक भूमिका होते. देवाचा खरा चेहरा मुखवट्यामागेच राहतो आणि तो कसा असेल ते आपल्याला कधीच कळत नाही. म्हणून चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप संत बाझील (मृत्यू इ.स. 379) यांनी आग्रह धरला की नुसते ‘प्रोसोपोन’ म्हणणे पुरेसे नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा प्रत्येकी खरोखर आहेत, असे सांगणारा ‘हुपोस्तासिस’ हा शब्द सोबत हवा. इ.स. 382मध्ये कॉन्स्टंटिनोपलला जमलेल्या बिशपांनी आपल्या पत्रात दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. मुखवट्यासाठी चालणारा शब्द तेव्हापासून खऱ्या असण्याचा शब्द झाला.

आपल्या मराठीत आपण म्हणतो ‘एक देव, तीन व्यक्ती’. ‘व्यक्ती’ हा संस्कृत शब्द ‘व्यक्त’च्याच धातूपासून आला आहे. व्यक्ती म्हणजे प्रकट होणे, स्पष्ट दिसणे. पाश्चात्त्यांचा शब्द मुखवट्यापासून निघाला आणि खऱ्या चेहऱ्यापर्यंत पोचायला त्याला शतके लागली. आपल्या शब्दात उघड होण्याचा अर्थ आधीपासूनच आहे. ज्याने पुत्राला पाहिले त्याने पित्याला पाहिले, ही योहानाच्या शुभवर्तमानातली शिकवण या एका शब्दात नीट बसते.

शास्त्रात याच ‘प्रोसोपोन’पासून झालेला आणखी एक शब्द आहे. त्याचे आपण ‘पक्षपात’ असे भाषांतर करतो. शब्दशः अर्थ, तोंड पाहून स्वागत करणे. तोंड पाहून वाढणे हा वाक्प्रचार आपल्याकडे पंगतीत जन्मला. तो इथे तंतोतंत लागू पडतो. कर्नेल्य हा परराष्ट्रीय शताधिपती. त्याच्या घरी गेल्यावर पेत्राला कळले की देव तोंड पाहून वाढत नाही. याकोब आपल्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या पाहुण्याचे आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाचे उदाहरण देतो. एकाला चांगली जागा, दुसऱ्याला पायाशी. म्हणजे ढोंगी माणूस स्वतः मुखवटा घालतो, आणि पक्षपाती माणूस समोरच्याच्या मुखवट्यालाच माणूस समजतो.

मुखवटा ही वस्तू मात्र वाईट नाही. शेजारच्या घरी गौरी बसतात, त्यांच्या मुखवट्यांत त्या कुटुंबाची भक्ती असते. 1910-11 साली मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग पसरला तेव्हा डॉ. वू ल्यानतेह यांनी कापूस आणि जाळीच्या कापडाची मुखपट्टी वापरायला लावली. फ्रेंच डॉक्टर मेनी यांनी ती नाकारली आणि काही दिवसांत ते प्लेगनेच गेले. करोनाच्या दिवसांत आपणही तोंड झाकून मिस्सेला बसलो, ते शेजाऱ्याच्या काळजीपोटी. प्रश्न एवढाच की झाकतो ते कोणासाठी.

या चाळीस दिवसांसाठी तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. उपवास केला तर त्याचे स्टेटस ठेवू नये. पापनिवेदनाला जाताना ठरलेली चार वाक्ये बाजूला ठेवून जे खरोखर टोचते आहे तेच सांगावे. आणि आपल्या धर्मग्रामात कोणाच्या अंत्यविधीला गर्दी होते आणि कोणाच्या पेटीला चार खांदे मिळायचीही पंचाईत होते, हे एकदा मनाशी तपासावे. पुढच्या वेळी त्या दुसऱ्या घरी आधी जावे. तिथे तोंडदेखले दोन शब्द बोलून परतू नये, थोडा वेळ बसावे.

हे प्रभो, तू आमचा खरा चेहरा ओळखतोस आणि तरीही आमच्यावर प्रेम करतोस. तोंड न पाहता माणूस पाहायला आम्हाला शिकव. आमेन.