तळटीप : ‘हिंजवडीचा कारखाना’

* ‘हिंजवडीचा कारखाना’ : येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना अभिप्रेत आहे. मुळशी-मावळातल्या ऊस उत्पादकांचा हा कारखाना आधी हिंजवडीत व्हायचा होता. शरद पवार यांनी जाहीर भाषणांतून सांगितल्याप्रमाणे, भूमिपूजनाला आले असताना त्यांनीच संस्थापक नानासाहेब नवले यांना जागा बदलायला सुचवले. हिंजवडीत त्यांना माहिती तंत्रज्ञानाचे केंद्र हवे होते. सांगणारेच या हकिकतीचे कर्ते आहेत, हे ध्यानात ठेवून ती वाचावी. जागा मात्र बदलली, हे खरे. आज कारखाना कासारसाई-दारुंब्रे येथे आहे आणि हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क. नाव जवळच्या देहूच्या तुकोबांचे. नगर जिल्ह्यात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास उभ्या केलेल्या सहकारी कारखान्याभोवती वस्ती वाढली आणि नदीवरून ती प्रवरानगर झाली. तसे इथे घडले नाही. कासारसाई आणि दारुंब्रे आपापल्या जुन्या नावांनीच राहिली. पुढील प्रकरणात नुसता ‘कारखाना’ असा उल्लेख येईल, तिथे वाचकांनी हाच समजावा. – संपा.