रमण्यातला श्रावण

साल १७५८. श्रावण लागलाय आणि तुम्ही कोकणातून बोरघाट चढून पुण्याला आलेले वैदिक आहात. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलंय, पडशीत पळीपंचपात्र आणि मूठभर पोहे उरलेत. वाटेत तळेगाव लागलं. श्रावणातल्या दक्षिणेची सुरुवात तिथलीच. सेनापती दाभाडे ती ब्राह्मणांना वाटायचे. १७३१ मध्ये डभईला त्र्यंबकराव दाभाडे पडले, ते थोरल्या बाजीरावांशी लढताना. आणि त्यांच्या घरचं हे दान पुढे पेशव्यांनीच पुण्यात चालवलं.

श्रावणी होऊन नवं जानवं गळ्यात आलंय. नामांकित शास्त्र्यांचा मान वेगळा, त्यांची संभावना त्यांच्या विद्वत्तेप्रमाणे होते. तुमची वाट पर्वतीच्या पायथ्याशी, रमण्याकडे. भल्यामोठ्या आवारात माणसाला माणूस खेटून उभा आहे. तेलंगणातले, कर्नाटकातले, काशीकडचे. कुणी ऋचा पुटपुटतोय, कुणी नुसताच रेटतोय. पाऊस भुरभुरतोय, ओल्या धोतरांचा वास कोंडलाय. वर टेकडीवर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वराचं देऊळ ढगात गेलंय. दारातून बाहेर पडताना तळहातावर दक्षिणा पडते. रुपया गार लागतो. तुम्ही मूठ आवळता, कारण मागून धक्का येतोच आहे. वेद किती आले, हे इथे कुणी विचारलं नाही.

या एका वर्षाची दक्षिणा अठरा लाख रुपये झाली, असं सांगतात. हा पैसा आला कुठून? चौथाईतून आणि शेतसाऱ्यातून. रमण्यापलीकडच्या शिवारात कुणबी याच पावसात वाकून बाजरी खुरपतोय. अठरा लाखांत त्याचा घाम आहे, पण रमण्याचं दार त्याच्यासाठी नाही. दानाचं मोठेपण मान्य करूनही मला ही गोष्ट सलते.

आता थोडं पुढे चला. १७६१, पानिपत. त्याच वर्षी नानासाहेब पर्वतीवरच गेले. दक्षिणा मात्र चालू राहिली, दुसऱ्या बाजीरावापर्यंत.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं हा खर्च वर्षाला पन्नास हजारांवर आणला. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचा खर्चही दक्षिणेच्याच पैशातून. तुम्ही वाड्याच्या कोरीव लाकडी खांबांमधून आत जाता, तर मुलं न्याय आणि व्याकरण घोकतायत. गर्दीला मिळणारा रुपया विद्येच्या वाटेला लागायला सुरुवात झाली होती.

खरी ठिणगी पडली १८४९ मध्ये. सुधारकांनी अर्ज केला, की दक्षिणेतला काही भाग चांगले मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. त्यांत लोकहितवादी होते. सनातनी पुणं खवळलं. जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. त्या दिवसांत बुधवारात, शनिवारात फिरा: ओट्याओट्यावर हाच विषय, आवाज चढलेले. अखेर दक्षिणा प्राइझ कमिटी झाली, मराठी ग्रंथांना बक्षिसं मिळू लागली. पुढे न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर तरुणपणी ‘दक्षिणा फेलो’ होते, ते याच निधीवर.

आणि मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो यातला एक छोटा खर्च. फुल्यांनी पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा त्यांनाही दक्षिणा निधीतून मदत मिळाली.