इंदूर-पद्धतीचे कंपोस्ट : उगम, स्वरूप आणि श्रेय

१९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस तयार करण्याविषयीचा एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. 'इंदूर-पद्धत' या नावाने पुढे जगभर गेलेली कंपोस्ट करण्याची रीत या ग्रंथात प्रथम सविस्तर मांडली गेली. उत्तरकालीन वाङ्मयात मात्र यांपैकी पहिलेच नाव उरले. अलीकडे तर याहून सोपी अशी एक समजूत रूढ झाली आहे. ती अशी की, हॉवर्ड यांनी भारतीय शेतकऱ्याची परंपरागत रीत पाहिली आणि तीच इंग्रजीत लिहून काढली. ही दोन्ही मते मूळ साधनांशी ताडून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

१. पूर्वपीठिका

खताचे महत्त्व या देशातील कृषिविचाराला नवे नव्हते. 'कृषिपराशर' या संस्कृत ग्रंथात खताला 'सार' म्हटले असून त्यासाठी निश्चित काळ नेमून दिला आहे. माघ महिन्यात शेणाच्या ढिगाची पूजा करावी, तो उकरून उन्हात वाळवावा व त्याचा भुगा करावा. फाल्गुनात प्रत्येक शेतात खड्डा करून तो त्यात ठेवावा आणि पेरणीच्या वेळी बाहेर काढून पसरावा, असा हा विधी आहे. साराविना वाढलेले धान्य फळत नाही, असे ग्रंथकाराचे सांगणे आहे. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदा'त कुणपजल या आंबवलेल्या द्रवखताची कृती आढळते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या बोलीतही शेणखत, लेंडीखत, सोनखत अशी खताची जातवारी आहे. मेंढ्या शेतात बसविण्याची देशावरील चाल आणि कोकणातील राब भाजण्याची रीत या दोन्ही जमिनीचा कस राखण्याच्याच रीती होत.

परंतु खताचे ज्ञान असणे आणि खत हाती असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात डोंगरांवरील पालापाचोळ्याचे खत, जनावरे आणि जंगलखात्याचे निर्बंध यांचा परस्परसंबंध दाखविला होता. डॉ. जॉन ऑगस्टस व्हेलकर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात त्याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. सरपणाचा तुटवडा असल्यामुळे शेतकरी शेण जाळतो. त्याला शेणाचे मोल कळत नाही असे नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून सरपण व चाऱ्यासाठी राखीव क्षेत्रे निर्माण करावीत, अशी त्यांची सूचना होती. अर्थात खताचा प्रश्न हा मुळात चुलीचा प्रश्न होता.

२. इंदूर येथील प्रयोग

हॉवर्ड १९०५ साली पुसा येथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्याच वर्षी त्यांचा विवाह गॅब्रिएल मथाई या वनस्पतिशास्त्रज्ञ विदुषीशी झाला. पुसा येथील गव्हाचे संशोधन या दांपत्याने एकत्र केले. मात्र प्रत्येक शास्त्राचा विभाग वेगळा आणि शेतकऱ्याचे शेत अखंड, ही विसंगती त्यांना खटकत राहिली. १९२४ साली इंदूर येथे स्थापन झालेली 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' ही याच असमाधानातून उभी राहिली. भारतीय मध्यवर्ती कापूस समिती व मध्य भारतातील संस्थाने यांनी तिचा खर्च उचलला आणि होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. पद्धतीला इंदूरचे नाव देण्यामागे दरबाराविषयीची कृतज्ञता होती, हे हॉवर्ड यांनी स्वतः नमूद केले आहे.

संस्था कापसासाठी निघाली होती, आणि खताचा प्रश्नही कापसाच्या शेतातूनच पुढे आला. माळव्याच्या काळ्या जमिनीत हिवाळ्याच्या अखेरीस वेचणी संपते व शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात. तुरीच्या तुरखाट्याही त्याच सुमारास निघतात. हे पदार्थ काष्ठमय असल्याने नुसते पुरले तर लवकर कुजत नाहीत. त्यामुळे ते चुलीत जातात किंवा बांधावर पेटविले जातात. इंदूर येथे ते रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडले जात. नंतर इतर पालापाचोळ्यात मिसळून ते गोठ्यात बैलांखाली अंथरले जात. गोठ्याची जमीन मातीची ठेवून ठराविक काळाने तिचा मूत्र मुरलेला थर खणून घेतला जाई. असे अंथरूण, मूत्रमाती, लाकडाची राख, शेणकाला आणि आधीच्या खड्ड्यातील बुरशी आलेले थोडे खत यांचे थर उथळ खड्ड्यात रचीत. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन ते तीन फूट खोल असे. त्यात पाणी शिंपडीत व तीन वेळा चाळवणी करीत. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचून हवा कोंडत असल्यामुळे त्या ऋतूत जमिनीवरच ढीग घालीत.

या कृतीचे मर्म प्रमाणात आहे. मिश्रणातील कार्बन व नत्र यांचे गुणोत्तर आरंभी सुमारे ३३ : १ असावे, म्हणजे सूक्ष्म जंतूंना पुरेसे नत्र मिळते आणि ते वायुरूपाने वाया जात नाही. पक्व खतात हेच गुणोत्तर १० : १ च्या जवळ येते. पदार्थांचे पृथक्करण, ओलाव्याचे मापन व नत्राचा हिशेब ही रसायनाची बाजू वाड यांच्याकडे होती. ग्रंथातील ही बाजू वगळली, तर 'पद्धत' या शब्दाला अर्थ उरत नाही. उरतो तो केवळ सुव्यवस्थित उकिरडा.

३. श्रेयाचा प्रश्न

आता रूढ समजुतीकडे वळता येईल. हॉवर्ड यांनी शेतकरी आणि कीड यांना आपले गुरू मानले, हे खरे. परंतु कंपोस्टच्या बाबतीत त्यांनी आदर्श म्हणून पाहिले ते चीनकडे. एफ. एच. किंग यांचा चीन, कोरिया व जपान येथील शेतीवरील १९११ चा ग्रंथ त्यांच्यापुढे होता. वनस्पतिज व प्राणिज पदार्थ एकत्र कुजविण्याचे तत्त्व त्यांना तेथे आढळले. दुसरा धागा इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील होता. तेथे हचिन्सन व रिचर्ड्स यांनी १९२१ मध्ये पेंढा कुजण्यास नत्र व हवा यांची गरज असते, हे दाखविले होते. तेथे वापरलेल्या रासायनिक नत्राऐवजी इंदूरने गोठ्यातील मूत्रमाती व शेण वापरले. माळव्याचे योगदान येथे येते. साधनसामग्री, ऋतुमान आणि बैल, गोठा व शेत यांची सांगड ही सर्व तेथील होती.

'कृषिपराशरा'शी तुलना केल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. माघ-फाल्गुनाचा काळ दोन्हीकडे जुळतो, कारण सुगी व पेरणी यांमधील तोच अवकाश आहे. क्रिया मात्र परस्परविरुद्ध आहेत. तेथे शेण उन्हात वाळवावयाचे आहे, तर इंदूर-पद्धतीत ओलावा राखणे ही पहिली अट आहे. पंचांगातील साम्यावरून रसायनाचे सातत्य सिद्ध होत नाही. त्याचप्रमाणे चीन आणि रोथॅमस्टेड यांची नावे घेतल्याने इंदूरचे कार्य गौण ठरत नाही.

व्यक्तींच्या श्रेयाबाबतही असाच विवेक हवा. गॅब्रिएल हॉवर्ड १९३० मध्ये निवर्तल्या. त्यानंतरच्या वर्षी ग्रंथ निघाला व हॉवर्ड निवृत्त झाले. १९३४ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली आणि १९४० च्या 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' या ग्रंथाने ते सेंद्रिय शेतीच्या चळवळीचे अध्वर्यू ठरले. चळवळीला प्रवक्ता लागतो, सहलेखक लागत नाही. वाड यांचे नाव मागे पडले त्याचे हे एक कारण दिसते. खड्डे भरणाऱ्या व चाळवणी करणाऱ्या मजुरांची नावे तर मुखपृष्ठावर येण्याचा प्रश्नच नव्हता.

४. प्रसार आणि त्याची मर्यादा

१९३० नंतरच्या दशकात ही पद्धत भारत व सिलोनमधील चहाच्या आणि केनियातील कॉफीच्या मळ्यांनी उचलली. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने महात्मा गांधी इंदुरास आले. त्याच वर्षी 'हरिजन' पत्राने या पद्धतीची माहिती आपल्या वाचकांना दिली. तरीही जेथे तिचा जन्म झाला, त्या माळव्यातील लहान शेतकऱ्यांत ती मळ्यांइतकी रुजली नाही. मळ्यावर कायमचे मजूर, पाणी व व्यवस्थापक होते. बैलजोडीच्या धन्यापुढे मात्र माघ महिन्यात साधा हिशेब असे. पऱ्हाटी खड्ड्यात घातली तर चूल कशाने पेटवावी, आणि उन्हाळा तोंडावर असता विहिरीचे पाणी खड्ड्यावर शिंपडावे की जनावरांना पाजावे? व्हेलकर यांनी चार दशकांपूर्वी दाखविलेला अडसर प्रयोगशाळेतील गुणोत्तराने दूर होणारा नव्हता.

पुढील सुधारणांची दिशा याच अडसराने ठरविली. १९४० च्या सुमारास डॉ. सी. एन. आचार्य यांनी विकसित केलेल्या बंगलोर-पद्धतीत शहरातील केरकचरा व मैला वापरून चाळवणीचे श्रम टाळले. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी 'नाडेप' टाके तयार केले. विटांच्या भिंतीत हवेसाठी छिद्रे ठेवल्यामुळे त्यात चाळवणी लागत नाही व थोडक्या शेणात पुष्कळ खत होते. शेण आणि श्रम या ज्या दोन गोष्टींची लहान शेतकऱ्यास वाण, त्यांचीच येथे बचत झाली.

बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, असे मराठीत म्हणतात. इंदूरच्या खड्ड्याने हा काळ तीन महिन्यांवर आणला, हे त्याचे शास्त्रीय कार्य निर्विवाद आहे. त्या कार्याचा इतिहास एका साहेबाच्या प्रतिभेचा किंवा अनामिक परंपरेचा म्हणून लिहिला, तर चीनचा अनुभव, रोथॅमस्टेडचे रसायन, गॅब्रिएल हॉवर्ड यांचा सहभाग आणि वाड यांचा हिशेब ही सर्व दृष्टीआड होतात. १९३१ च्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. निदान तेवढी तरी इतिहासकाराने वाचली पाहिजेत.