ग्रीनस्टेडच्या ओकच्या भिंती

माझे आजोबा सुतार होते. लाकूड दिसलं की आधी हात लावायचा, मग बोलायचं, ही त्यांची सवय माझ्यात उतरली आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या ग्रीनस्टेडच्या सेंट अँड्र्यू चर्चमध्ये गेलो तेव्हाही आधी भिंतीलाच हात लावला.

ही भिंत म्हणजे ओकचे उभे चिरलेले बुंधे, एकाशेजारी एक. गोल बाजू बाहेर, सपाट बाजू आत. बुंध्यांच्या कडांना खाचा पाडून त्यांत लाकडी पट्ट्या बसवल्या आहेत. वारा-पाऊस आत येऊ नये म्हणून. आतून वाकसाचे घाव अजून दिसतात. त्या घावांवरून बोट फिरवताना मला आजोबांचा ठोका ऐकू आला.

हे चर्च पूर्वी इसवी सन 845 च्या आसपासचं मानत. विसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडातली वर्षवलयं मोजली आणि काळ अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. दोन शतकं गेली, पण मला त्याचं दुःख नाही. साडेनऊशे वर्षं उभं राहिलेलं लाकूड थोडं नव्हे. 1848 च्या सुमारास दुरुस्ती झाली. बुंध्यांची कुजलेली टोकं कापून खाली विटांचा जोता दिला. काहींना ते खटकतं. मला विचाराल तर, त्या विटांमुळेच भिंत आज आहे.

या भिंतींशी माणसांचीही एक गोष्ट जोडलेली आहे. 1834 मध्ये मजूर संघटनेची शपथ घेतल्याबद्दल इंग्लंडमधल्याच टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना ऑस्ट्रेलियात हद्दपार केलं. माफी मिळून परतल्यावर त्यांतले काही या परिसरात शेती करू लागले. त्यांच्यातल्या जेम्स ब्राइनचं लग्न 1839 मध्ये याच भिंतींच्या आत लागलं. नवरी एलिझाबेथ, त्याच्याबरोबर शिक्षा भोगलेल्या थॉमस स्टँडफील्डची लेक.