कोऱ्या जागेची चिठ्ठी

युरोपात खिळे जुळवून छापलेल्या आणि तारीख असलेल्या सर्वांत जुन्या मजकुरांमध्ये एक चिठ्ठी आहे. साल 1454, गाव गुटेनबर्गचं माइन्त्स. चर्मपत्राचा एकच तुकडा आणि त्यावर लॅटिनच्या 31 ओळी. आदल्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडलं होतं. सायप्रसच्या बचावासाठी पैसा हवा होता, आणि जो देईल त्याला पोप पाचव्या निकोलसच्या नावाने ही चिठ्ठी मिळत होती. छापील मजकुरात अधूनमधून कोरी जागा सोडलेली: नाव, गाव, तारीख. चिठ्ठी देणारा ती जागा शाईने भरून देई. घेणाऱ्याने ती आपल्या पसंतीच्या धर्मगुरूला दाखवायची, पापं कबूल करायची आणि आयुष्यात एकदा व मरतेवेळी एकदा पूर्ण माफी घ्यायची. धर्मगुरूने उच्चारायचे माफीचे शब्दही खाली छापलेलेच होते.

कृपा म्हणजे देवाने माणसाची लायकी न बघता केलेली दया. ख्रिस्ती शिकवणीचा हा कणा. तिच्या विपर्यासाची गोष्ट सांगताना बहुतेक जण या चिठ्ठीच्या किमतीकडे बोट दाखवतात. मला ती कोरी जागा जास्त धोक्याची वाटते. माणूस कोण, कसा, हे ठरण्याआधीच त्याची सुटका छापून तयार होती. नाव तेवढं भरायचं राहिलं होतं.

चर्चवर अन्याय नको. पाप पैशाने धुतलं जातं असं अधिकृत शिकवणीत कधीच नव्हतं. पापाची क्षमा पश्चात्तापाने आणि पापनिवेदनाने. पण क्षमा झाली तरी भोगायची काही शिक्षा उरते, आणि तिच्यात चर्च सूट देऊ शकतं, असा हा हिशेब होता. 1095 मध्ये पोप दुसऱ्या अर्बनने ही सूट धर्मयुद्धावर जाणाऱ्यांना दिली. पुढे यात्रेला, दानालाही ती मिळू लागली. ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याचा अक्षय खजिना चर्चच्या ताब्यात आहे, हे 1343 मध्ये सहाव्या क्लेमेंटने फर्मानात लिहून टाकलं. खजिना म्हटला की खजिनदार आले आणि वाटपाचे नियमही आले. मोठी उडी 1476 ची. चौथ्या सिक्स्टसने फ्रान्समधल्या सँत शहराच्या चर्चसाठी जी सूट जाहीर केली, ती मेलेल्यांनाही लागू होती. ती उरलेली शिक्षा मेल्यावर जिथे भोगायची, त्या शुद्धिस्थानात तळमळणाऱ्या आईबापांसाठी आता मुलाला चिठ्ठी घेता येऊ लागली.

ब्रांडेनबुर्गच्या घराण्यातला अल्ब्रेख्ट पंचविशीही न गाठता माइन्त्सचा आर्चबिशप झाला. वय कमी, त्यात एकाहून अधिक धर्मपीठं हातात. त्याची परवानगी रोमकडून विकत घ्यावी लागली. पैसा आउग्सबुर्गच्या फुगर पेढीने दिला. फेड कशी करायची? पोप दहाव्या लिओला सेंट पीटरचं नवं चर्च बांधायचं होतं. जर्मनीत त्यासाठी चिठ्ठ्या खपवायच्या, निम्मी रक्कम रोमला, निम्मी फुगरच्या कर्जात. विक्रेत्यांना दिलेल्या सूचनांमध्ये ऐपतीप्रमाणे दरही होते. राजे आणि बिशप यांना 25 सोन्याचे गिल्डर. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने प्रार्थना आणि उपास करावा. गरिबाची ही सोय ठेवलेली होती, हे विसरू नये. पण त्याच सूचनांमध्ये आणखी एक कलम होतं: मेलेल्यासाठी चिठ्ठी घेणाऱ्याला स्वतःचा पश्चात्ताप किंवा पापनिवेदन यांची गरज नाही. पैसे पेटीत टाकले की झालं.

हा माल खपवणारा डोमिनिकन साधू म्हणजे योहान टेट्झेल. विटेनबर्ग ज्या राज्यात होतं त्या सॅक्सनीत त्याला बंदी होती, म्हणून लोक सीमेपलीकडे युटरबोगला जाऊन चिठ्ठ्या आणत. बंदी घालणारा तिथला शासक फ्रेडरिक मात्र काही सुधारक नव्हता. विटेनबर्गच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये त्याने संतांच्या अवशेषांचा प्रचंड संग्रह जमवला होता आणि दर्शनाबद्दल तिथेही सूट मिळे. 1520 पर्यंत अवशेष 19,000 च्या आसपास गेले होते, आणि सगळ्यांच्या दर्शनाची सूट मोजली तर शुद्धिस्थानातली 19 लाखांहून जास्त वर्षं माफ. त्याला शेजारच्या घराण्याचं दुकान नको होतं, इतकंच.

विटेनबर्गचा साधू मार्टिन लूथर याने 31 ऑक्टोबर 1517 ला अल्ब्रेख्टला पत्र लिहिलं आणि सोबत आपली 95 विधानं जोडली. त्यातला सूर आजच्या वाचकाला चकित करतो. चिठ्ठ्या मुळातून रद्द करा असं त्यात नाही. पोपने स्वतःच्या पैशाने चर्च का बांधू नये, हा खवचट प्रश्न आहे. पण त्याची खरी तक्रार दुसरीच होती: चिठ्ठी घेतली की माणूस निर्धास्त होतो. पहिल्याच विधानात त्याने म्हटलं की ख्रिस्ताला माणसाचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं हवं होतं. सगळं आयुष्य कोऱ्या जागेत मावत नाही.

1519 मध्ये टेट्झेल मरणशय्येवर, सगळ्यांनी झिडकारलेला असा पडला होता. तेव्हा लूथरने त्याला धीर देणारं पत्र पाठवलं: हे सगळं तुझ्यामुळे सुरू झालं नाही, या लेकराचा बाप वेगळाच आहे.

इथवरची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही थोडीफार असते. पुढची सहसा नसते. कृपा फुकट आहे, कमवायची नाही, हे लूथरने गावोगाव पोचवलं. दहा वर्षांनी सॅक्सनीची खेडी बघायला तो स्वतः निघाला आणि हादरला. 1529 च्या आपल्या छोट्या प्रश्नोत्तरीच्या प्रस्तावनेत तो चिडून लिहितो की लोकांना काहीही येत नाही, पण सुवार्तेतून मिळालेल्या मोकळिकीचा गैरवापर मात्र झकास जमतो.

शेतकऱ्यांचं ठीक, पण त्याचा मित्रच पुढे सरसावला. योहान आग्रिकोला लूथरच्याच आइसलेबेन गावचा. विटेनबर्गला आला तेव्हा बायकामुलांसह लूथरच्याच घरी उतरला. त्याचं म्हणणं असं की दहा आज्ञा नगरपालिकेच्या कचेरीत शोभतात, चर्चच्या व्यासपीठावर त्यांचं काम नाही. श्रद्धावंताला नियमशास्त्र कशाला? 1537 पासून लूथरने त्याच्याविरुद्ध विधानांचे गठ्ठेच्या गठ्ठे लिहिले. शेवटी 1540 मध्ये आग्रिकोला बर्लिनला निसटला आणि ब्रांडेनबुर्गचा शासक दुसरा योआखिम याचा दरबारी प्रवचनकार झाला. हा योआखिम म्हणजे चिठ्ठ्यांवर कर्ज फेडणाऱ्या अल्ब्रेख्टचा सख्खा पुतण्या. काका कृपेचे पैसे घेत होता, आणि पुतण्याने आसरा दिला तो कृपेबरोबर काहीच मागू नका म्हणणाऱ्याला.

शंका तशी जुनीच. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय, हा प्रश्न पहिल्या शतकात पौलाने रोमकरांस पत्रात स्वतःच मांडून धुडकावला आहे, आणि आपण असं शिकवतो असा आळ घेणारे लोक आहेत हेही त्याने तिथेच नोंदवलं आहे. त्यामुळे सगळा दोष आग्रिकोलाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

रोमने आपलं घर सावरलं. ट्रेंटच्या परिषदेने 1562 मध्ये चिठ्ठ्यांवर दान गोळा करणाऱ्यांचं पदच मोडलं, आणि 1567 मध्ये पाचव्या पायसने पैशाशी जोडलेल्या सवलती रद्द केल्या. विक्री बंद पाडायला फर्मान पुरलं. फुकट मिळालेल्या निर्धास्तपणावर फर्मान कोण काढणार? लूथरच्या चर्चमध्ये तो पिढ्यान् पिढ्या मुरत गेला.

त्याचा हिशेब मागितला डीट्रिख बॉनहोफरने. हा बर्लिनमध्ये वाढलेला लूथरपंथी पाळक. 1933 मध्ये जर्मन प्रोटेस्टंट चर्चच्या निवडणुका हिटलरच्या पाठीराख्यांनी जिंकल्या, आणि त्याच वर्षी प्रशियाच्या चर्चने ज्यू वंशाच्या पाळकांना दूर करणारा नियम केला. रविवारी क्षमेची घोषणा मात्र नेमाने चालू होती. बॉनहोफरने 1934 मध्ये गांधीजींना पत्र लिहून आश्रमात राहायला येण्याबद्दल विचारलं, निमंत्रणही आलं, पण येणं राहून गेलं. 1935 मध्ये त्याने फिंकेनवाल्डे इथे पाळक घडवणारी शाळा सांभाळायला घेतली. 1937 मध्ये गेस्टापोने तिला टाळं ठोकलं. त्याच वर्षी त्याचं ‘नाखफोल्गे’ (अनुसरण) हे पुस्तक प्रसिद्ध झालं. पहिल्याच प्रकरणात स्वस्त कृपेवर हल्ला: आपल्या चर्चमध्ये कृपा घाऊक मालासारखी वाटली जाते, आणि तीत पापी माणसाऐवजी पापच नीतिमान ठरतं. लूथरबद्दलचं त्याचं निरीक्षण मला सगळ्यांत अचूक वाटतं. लूथर मठात वर्षानुवर्षं झिजून ज्या उत्तराशी पोचला, ते पुढच्यांनी गणिताच्या पहिल्याच ओळीत लिहून घेतलं.

म्हणजे पुन्हा कोरी जागाच, आणि या खेपेला चिठ्ठीसुद्धा नाही.

पुस्तक गाजलं, आणि धर्मजीवन कसं काटेकोर असावं याचा दाखला म्हणून ते वाचलं जाऊ लागलं. बॉनहोफर 1943 पासून टेगेलच्या तुरुंगात होता. 20 जुलै 1944 ला हिटलरला मारण्याचा कट फसला. त्या कटाशी त्याचा संबंध होता, म्हणजे आता सुटका नाही हे उघड होतं. दुसऱ्याच दिवशी त्याने आपला फिंकेनवाल्डेचा विद्यार्थी आणि मित्र एबरहार्ड बेटगेला पत्र लिहिलं. त्या पुस्तकातल्या शब्दांमागे आपण आजही उभे आहोत, पण त्याचे धोके आता दिसतात, असं त्यात आहे. पवित्र आयुष्य जगण्याची खटपट करून श्रद्धा मिळवता येईल असं तेव्हा आपल्याला वाटलं होतं, हेही तो लिहितो. म्हणजे स्वस्त कृपेवर तुटून पडणाऱ्या पुस्तकाच्या तळाशी त्याला स्वतःच्या कमाईची आस सापडली होती. 9 एप्रिल 1945 ला फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं.