चीवर, गोधडी आणि शंकरपाळ्याची शिवण

नाशिकच्या इतिहासाचा विचार करतांना घाट आणि मंदिरें यांकडे आपलें लक्ष सहज जातें. सुईदोऱ्याकडे तें क्वचितच वळतें. वस्तुतः वस्त्रांच्या इतिहासास उपयोगी असा एक महत्त्वाचा लेख तेथील पांडवलेण्यांत कोरलेला आहे. नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात यानें ४२ व्या वर्षीं, म्हणजे ही गणना शकाची धरल्यास इ. स. १२० च्या सुमारास, भिक्षुसंघासाठीं ३००० कार्षापणें ठेव दिली. त्यांपैकीं २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा दरशेंकडा एक या व्याजानें, व १००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण दरानें ठेविलीं. मुद्दलास हात लावावयाचा नाहीं. पहिल्या ठेवीच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापणें द्यावयाचीं. हिशेब चोख आहे: २००० चें वर्षाचें व्याज २४०, आणि वीस बारे २४०.

हें चीवर तुकड्यांचें असे. विनयपिटकांतील कथेप्रमाणें, मगधांतील बांधबंदिस्तीचीं शेतें दाखवून बुद्धानें आनंदाकडून त्याची आंखणी करविली. नवें कापडही कापून शिवावयाचें, म्हणजे त्याचा कोणास लोभ सुटूं नये. शेतांच्या या आकृतींत शिवणी सरळ असतात. तुकड्यांची पट्टी करावी आणि पट्टीस पट्टी जोडावी, कीं काम झालें.

शंकरपाळ्याचा आकार आला कीं ही सोय संपते. ४५ अंशांच्या टोकाचीं आठ शंकरपाळीं मध्याभोंवतीं जोडलीं म्हणजे तारा होतो. परंतु शेजारच्या दोहोंचे १३५ अंशांचे कोन मिळून २७० होतात, आणि बाहेर ९० अंशांची खांच उरते. तींत चौकोन बसवितांना शिवण एका दमांत घालतां येत नाहीं. एक बाजू कोपऱ्यापर्यंत शिवावी, मायेच्या रेघेवर थांबावें, कापड फिरवावें, आणि मग दुसरी बाजू घ्यावी. टांका पुढें गेला तर चुणी पडते, मागें राहिला तर भोंक राहतें. शिवाय औरेब कापलेली कड ताणली जाते ती निराळीच. अंगरख्याच्या बगलेंत चौबगला बसविणाऱ्या शिंप्यास ही अडचण परिचयाची होती.

गोधडीनें मात्र ती टाळली. जुन्या लुगड्याधोतरांचे थर पसरावयाचे, वर तुकडे मांडून त्यांच्या कडा दुमडावयाच्या, आणि धावदोऱ्यानें सर्व थर एकदम शिवावयाचे. येथें तुकडा खांचेंत बसवावा लागत नाहीं. तो शेजाऱ्याच्या कडेवर चढतो. युरोप-अमेरिकेंतील जोडकामाच्या रजयांत वरचें पटल आधीं तुकड्यास तुकडा जोडून तयार करीत, म्हणून तेथें कोनांतील शिवणीचें तंत्र वाढलें. आपल्याकडे तसें झालें नाहीं, यांत कौशल्याची उणीव पाहूं नये. विरलेल्या कापडास जोडशिवणीचा ताण सोसत नाहीं. थरांवर टेकलेला तुकडा मात्र टिकतो. रीत गरजेंतूनच ठरली.

चीवरापासून गोधडीपर्यंत एक अखंड परंपरा आहे, असें म्हणणें धाडसाचें होईल. एकाचें मूळ वैराग्यांत, दुसरीचें काटकसरींत. तथापि एका गोष्टींत दोहोंचें दैव सारखें आहे. दात्याचें नांव आणि व्याजाचा दर शिळेवर राहिला. सुई चालविणाऱ्या हाताचा उल्लेख तेथें नाहीं. गोधडीवरही शिवणारीचें नांव नसतें, आणि फाटली कीं ती नव्या गोधडीच्या पोटांत जाते. म्हणजे पुरावाही तिच्याबरोबर जातो. ज्या घरांत आजी-पणजीच्या हातची गोधडी उरली असेल, तेथें तिच्या कोपऱ्यावर नांव आणि साल दोऱ्यानें घालून ठेवावें. त्या एका ओळीनें पुढील इतिहासकाराचें मोठें काम होईल.