नावाआधीचा पापड



माझी धाकटी जाऊ चार वर्षांपासून घरी उडदाचे पापड करून विकते. गेल्या महिन्यात एका दुकानदाराने तिला मोठी ऑर्डर देऊ केली, पण अट घातली. म्हणाला, "वहिनी, दर उतरवा. उडदात थोडं हलकं पीठ मिसळा. पाकीट तेच ठेवा, कुणाला कळतंय?" लेकीची फी भरायची होती, त्यामुळे तिचं मन डळमळलं. रात्री माझ्याकडे येऊन बसली. "ताई, काय करू?"

मी तिला लिज्जतची हकीकत सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

१५ मार्च १९५९. मुंबईच्या गिरगावात लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन जमनादास पोपट त्यांच्यातल्याच एक. शिक्षण बेताचं, हातात कला एकच, आणि भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. ते दिले होते समाजसेवक छगनलाल करमसी पारेख यांनी. सगळे त्यांना छगनबापा म्हणत. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. तोटा झाला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं.

सुरुवातीला या बायका दोन प्रतीचे पापड करत. एक चांगला आणि दुसरा जरा हलका, कमी दराचा. त्यात फसवणूक नव्हती, कारण हलक्याला दरही हलकाच होता. तरी छगनबापांनी सांगितलं की पापड एकाच प्रतीचा करा, त्यात तडजोड नको. आणि हिशेब चोख ठेवा, धंदा धंद्यासारखा चालवा. बायकांनी ऐकलं.

मला यातलं शहाणपण असं वाटतं. घरी पाहुणे जेवायला बसले आणि ताटातला पापड चांगला लागला नाही, तर तो स्वस्तात मिळाला होता हे कोण लक्षात ठेवतं? लक्षात राहतो तो पापड, आणि तो कुणाकडून आणला ते.

पहिल्याच पावसाळ्यात ऊन नाही म्हणून काम चार महिने बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! आपण चातुर्मासात लाटणं बंद ठेवतो ते जीवरक्षेसाठी. त्यांना मात्र गिऱ्हाइकाला चार महिने विन्मुख पाठवणं परवडणारं नव्हतं.

बायका वाढत गेल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत तीनशेच्या आसपास झाल्या आणि गच्ची पुरेना. मग मळलेलं पीठ घरी न्यायचं आणि लाटून आणून द्यायचं, अशी पद्धत पडली. पीठ एकाच ठिकाणी मळलेलं, म्हणून हात शेकडो असले तरी चव एक.

आणि नाव? ते आलं १९६२ साली. त्यासाठी स्पर्धा ठेवली होती, बक्षीस पाच रुपये. त्यातून 'लिज्जत' निवडलं गेलं. आपल्या 'लज्जत'चंच ते गुजराती रूप. म्हणजे तीन वर्षं पापड खपला तो नावाशिवाय, एकीने दुसरीला सांगून. दूरदर्शनवरचा रामदास पाध्यांचा तो ससा आठवतो ना? तो पुष्कळ नंतरचा. जाहिरातीने लोकांना पापडाची आठवण करून दिली, पण विश्वास गच्चीवरच कमावलेला होता. २०२१ मध्ये जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या घरातलं. पर्वात आपण तत्त्वार्थसूत्र ऐकतो. सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार येतात, आणि अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तर जवळजवळ सगळे बाजारातले आहेत. चोरीचा माल घेणं त्यात आहे, मापात कमीजास्त करणं आहे, आणि शेवटचा आहे प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे चांगल्यात हलकं मिसळून चांगलं म्हणून विकणं. मी कितीदा ऐकलं असेल! पण ते व्यापाऱ्यांसाठी, पेढीवरच्या पुरुषांसाठी, असंच मनात धरून बसले होते. आज आपल्यातल्या कितीतरी जणी खाकरा, पापड, मसाले विकतात. पाकिटावर 'जैन' असं छापतात. तो शब्द वाचून एखादी आजी डोळे मिटून विकत घेते. मग पेढीचा नियम आपल्या पोळपाटालाही लागू झाला, नाही का?

जाऊ बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या सातजणींनी उघड हलका केलेलाही सोडला, आणि मी लपवून करणार होते."

दुसऱ्या दिवशी तिने दुकानदाराला दर तोच राहील म्हणून कळवलं. त्याने ठरल्याच्या निम्म्याहून कमी माल उचलला. तोटा झाला, हे मी लपवत नाही. फीचं आम्ही दोघींनी मिळून बघितलं.

तुमच्यापैकी कुणी घरून काही विकत असेल, तर आज आपलं पाकीट एकदा गिऱ्हाइकाच्या हाताने उघडून बघा.